मिठीनंतरची वचनं

एसाव आणि याकोब या जुळ्या भावांवरचा उपदेश मी आजवर जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा तो एकाच जागी येऊन थांबलाय. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा ३३ वा अध्याय, ४ थं वचन. एसाव धावत येतो, भावाच्या गळ्यात पडतो, त्याचे मुके घेतो, दोघंही रडतात. मग प्रार्थना होते, गाणं सुरू होतं, आणि बाहेर पडताना कोणीतरी कोणाला तरी म्हणतंच की बघा, एवढं वीस वर्षांचं वैर मिटलं, तुमचं काय घेऊन बसलात, करा एक फोन आणि टाका मिटवून.

मिठीबद्दल माझी काही तक्रार नाही हं. मिठी खरी आहे, आणि ती मारणारा एसाव आहे हे तर फारच भारी आहे, कारण फसवला गेला होता तो. याकोबाने बापाचा आशीर्वाद त्याच्या हातातून काढून घेतला होता, तोही आईच्या मदतीने, हातावर करडांची कातडी बांधून, आंधळ्या बापाच्या तोंडावर 'मीच एसाव' असं खोटं बोलून. आणि हे कळल्यावर हा धिप्पाड शिकारी माणूस लहान मुलासारखा रडला होता की बाबा, मलाही द्या ना एखादा आशीर्वाद, तुमच्याकडे एकच होता का. तो माणूस धावत येतोय. माझी तक्रार फक्त इतकीच की पुस्तक तिथे संपत नाही, आपण संपवतो, कारण पुढचं जरा अडचणीचं आहे.

पुढे काय होतं? एसाव म्हणतो चल, आता बरोबरच जाऊ, मी तुझ्या सोबतीने चालतो. याकोब म्हणतो, अहो मुलं लहान आहेत, मेंढ्या-गाईंची पिल्लं अंगावर पितायत, एक दिवस जरी जास्त हाकललं तरी कळपच्या कळप मरेल, तुम्ही व्हा पुढे, मी आपला हळूहळू तुमच्याकडे सेईरला येतोच. एसाव म्हणतो बरं, निदान माझी काही माणसं तरी ठेवतो तुझ्याबरोबर. याकोब म्हणतो कशाला, कशाला. एसाव बिचारा त्याच दिवशी सेईरच्या वाटेला लागतो. आणि याकोब? तो सुक्कोथला जातो. तिथे स्वतःला घर बांधतो, जनावरांना खोपटी बांधतो. पुढे शखेमला जाऊन जमिनीचा तुकडासुद्धा विकत घेतो. सेईरला गेल्याची नोंद कुठेच नाही.

थाप होती का ती? मला तर वाटतं, होतीच. माणसाचा आधीचा रेकॉर्ड बघता शंका घ्यायला जागा आहे. पण मजा अशी की शास्त्र त्याला त्यावरून काही म्हणत नाही. शाबासकी नाही आणि शिक्षाही नाही. दोन भाऊ रडले, भेटले, आणि दोघांनी दोन वेगवेगळ्या दिशांना तोंड केलं, एवढंच लिहिलंय. त्यानंतर ते एकत्र दिसतात ते बापाच्या मातीला. इसहाक १८० वर्षांचा होऊन वारला आणि एसाव आणि याकोब या त्याच्या मुलांनी त्याला मूठमाती दिली, ३५ व्या अध्यायाचं शेवटचं वचन. हाच तो बाप, ज्याच्या मरणाची वाट बघत एसाव एकेकाळी म्हणाला होता की एकदा बाबांचं सुतक होऊ दे, मग याकोबाला ठारच मारतो. ते सुतक आलं आणि कोणी कोणाला मारलं नाही. आणि ३६ व्या अध्यायात एसाव आपला बाडबिस्तरा घेऊन दूर राहायला निघून जातो, कारण दोघांची गुरंढोरं इतकी वाढलीत की एका जागेत मावत नाहीत.

म्हणजे हिशोब काय झाला, तर एक मिठी, मग अंतर, मग बापाच्या मातीला शेजारी शेजारी उभं राहणं, आणि मग आपापलं घर. 'पहिल्यासारखं' झालंय असं कुठेही नाही. आणि तसंही पहिलं होतं तरी काय, पोटात असल्यापासून हाणामारी चाललेली त्यांची! आपल्याकडे समेट म्हणजे सगळं पूर्ववत, सगळे एका छताखाली, फोटोत सगळे हसतायत, असं डोक्यात बसलंय आणि तसं नाही झालं की लोक म्हणतात तुम्ही मनापासून क्षमाच केली नाही. मला वाटतं हे फार अन्यायाचं आहे. बापाच्या मातीला भांडण न काढता शेजारी उभं राहता येणं हे काही कमी नाही, कितीतरी घरांत तेवढंही होत नाही, तिथेच तर कागदपत्रं निघतात.

आता जरा मागे जाऊ, मिठीच्या थोडंसं आधी. एसाव ४०० माणसं घेऊन येतोय हे कळल्यावर याकोबाची गाळण उडालेली असते. त्याने आधीच भेट म्हणून जनावरं पाठवलीत, २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० मेंढे, ३० दुभत्या उंटिणी पिल्लांसकट, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. आणि तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, मध्ये अंतर ठेवून, म्हणजे एक लाट बघून राग थोडा उतरला की दुसरी लाट. हिशोबी माणूस. पण मला त्या जनावरांपेक्षा माणसांची ओळ जास्त खटकते. एसाव दिसायला लागल्यावर याकोब घरच्यांना उभं करतो: सगळ्यात पुढे दासी आणि त्यांची मुलं, त्यांच्या मागे पहिली बायको लेआ आणि तिची मुलं, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात सुरक्षित जागी, लाडकी बायको राहेल आणि तिचा मुलगा योसेफ. हो, स्वतः तो सगळ्यांच्या पुढे चालत गेला, सात वेळा जमिनीपर्यंत वाकला, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ती ओळ बघा ना. ४०० माणसांनी तलवारी उपसल्या असत्या तर कोण आधी मेलं असतं हे त्या मुलांना कळलं नसेल? मुलांना असलं सगळं बरोब्बर कळतं. आई-बाप डावं-उजवं करतात ते त्यांना वाटतं आम्ही कुठे करतो, आणि मुलं मात्र आपण कितव्या ओळीत आहोत ते पन्नाशीतसुद्धा सांगू शकतात.

आणि हा याकोब कोणत्या घरातून आला होता? जिथे बापाचा लाडका एसाव आणि आईचा लाडका हा. आईने, रिबकेने, त्याला पळवून लावताना सांगितलं होतं, थोडे दिवस मामाकडे राहा, भावाचा राग निवला की मी बोलावून घेते. ते थोडे दिवस म्हणजे वीस वर्षं झाली, आणि माय-लेकरं पुन्हा भेटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. एवढं सगळं भोगून याने आपल्या घरात तेच केलं. भावाशी समेट केला त्याच दिवशी, त्याच मैदानात, पुढच्या पिढीच्या भांडणाची आखणी झाली होती, ओळी पाडून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या ओळीतल्या मुलाला, योसेफाला, बापाकडून खास झगा मिळाला, तो सतरा वर्षांचा झाल्यावर पहिल्या ओळीतल्या भावांच्या चुगल्या बापाकडे करायला लागला, वर स्वप्नं पडली तीही भावांना सांगितली. बाकीच्यांना त्याच्याशी धड बोलवेना, असं ३७ व्या अध्यायात स्पष्टच आहे. एके दिवशी दोथानला तो एकटा सापडला आणि त्यांनी झगा काढून घेतला, त्याला कोरड्या खड्ड्यात टाकलं आणि जेवायला बसले.

जेवायला बसले. हे वाक्य वाचताना मी दर वेळी अडखळते. त्यानंतर व्यापारी आले, २० चांदीच्या नाण्यांना सौदा झाला, झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापाला पाठवला गेला. ज्याने करडाच्या कातडीने आपल्या बापाला फसवलं होतं त्याला आता बोकडाच्या रक्ताने त्याची मुलं फसवतायत. पण त्या अध्यायात खड्ड्यातून काही आवाजच येत नाही. योसेफ काय म्हणाला, ओरडला का, काहीच नाही. वाचताना वाटतं गप्पच होता की काय. आणि मग पाच अध्याय उलटतात, मध्ये सुमारे २० वर्षं जातात, दुष्काळ पडतो, भाऊ धान्यासाठी मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, येतात, समोरचा अधिकारी आपलाच भाऊ आहे हे त्यांना माहीत नाही, आणि अडचणीत सापडल्यावर ते आपापसात म्हणतात, आपण त्याचे हाल बघितले होते, तो गयावया करत होता आणि आपण ऐकलं नाही. म्हणजे तो ओरडत होता! ते जेवत होते तेव्हा तो ओरडत होता, आणि हे आपल्याला पहिल्यांदा कळतं ते गुन्हा करणाऱ्यांच्याच तोंडून. दुभाषी मध्ये ठेवल्यामुळे त्यांना वाटलं याला आपली भाषा कळत नसेल. त्याला शब्द न् शब्द कळत होता. तो बाजूला गेला आणि रडला.

क्षमा तिथे सुरू झाली असं मला वाटतं, मिठीत नाही. आपण ओरडत होतो हे त्यांना ऐकू आलं होतं, इतकी वर्षं आठवत होतं, एवढं कळणं. ज्यांना सख्ख्या माणसांनी दुखावलंय त्यांना विचारा, बहुतेकांना सूड नको असतो, आणि वाटणीतला तुकडाही नको असतो. तेव्हा काय झालं होतं ते समोरच्याने एकदा तरी जसंच्या तसं म्हणावं, एवढंच हवं असतं. 'काही चुकलं असेल तर सॉरी' हे नाही. 'तू ओरडत होतीस आणि मी ऐकलं नाही' हे.

तरी योसेफ लगेच विरघळत नाही हे पण बघण्यासारखं आहे. तो तपासतो. शिमोनाला अडकवून ठेवतो, आपल्या धाकट्या सख्ख्या भावाला, बन्यामिनाला, आणायला लावतो, जेवायला बसवल्यावर बन्यामिनाला इतरांच्या पाचपट वाढायला सांगतो. चक्क पंक्तिप्रपंच करतो, मुद्दाम, आणि बघत बसतो की यांच्या पोटात दुखतंय का. मग चांदीचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत लपवून त्याला चोर ठरवतो आणि म्हणतो हा राहील इथे गुलाम म्हणून, बाकीचे जा घरी. म्हणजे तोच प्रसंग पुन्हा मांडून ठेवतो, राहेलीचा मुलगा, बापाचा लाडका, आणि त्याला सोडून निघून जायची आयती सोय.

आणि यहूदा पुढे येतो. विकायची कल्पना ज्याची होती तोच. त्याचं ४४ व्या अध्यायातलं बोलणं लांबलचक आहे, पण त्यात एक वाक्य आहे जिथे मला सगळी गोष्ट फिरल्यासारखी वाटते. तो सांगतो की आमचे बाबा आम्हाला म्हणाले, तुम्हाला माहीतच आहे, माझ्या बायकोला दोन मुलगे झाले. दोन! यहूदा लेआचा. समोर उभे असलेले बहुतेक सगळे त्या दोनांत नाहीत. बाप आपल्याच मुलांसमोर म्हणतोय की माझ्या बायकोची मुलं दोनच, आणि यहूदा ते परक्या माणसासमोर जसंच्या तसं सांगतो, ना कडवटपणा ना टोमणा, आणि पुढे म्हणतो की बाबांचा जीव या पोरात अडकलाय, तेव्हा याच्याऐवजी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या. बाप काडीचाही बदललेला नाही. ओळी त्याच आहेत. पण यहूदाने बापाच्या डाव्या-उजव्याचा राग भावावर काढायचं सोडलंय. भावंडांच्या किती भांडणांत खरा राग आई-बापांवर असतो आणि भावंड फक्त हाताशी सापडतं म्हणून त्याच्यावर निघतो, 'सख्खे भाऊ पक्के वैरी' म्हणताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

यानंतर योसेफाला आवरत नाही. सगळ्यांना बाहेर काढतो, मोठ्याने रडतो, ओळख देतो, एकेकाचे मुके घेतो, आणि मग लिहिलंय की त्यानंतर त्याचे भाऊ त्याच्याशी बोलले. धड बोलवत नव्हतं तिथून इथपर्यंत.

इथे पुन्हा उपदेश संपतात. पण अजून ५० वा अध्याय आहे.

सगळं कुटुंब मिसर देशात येतं, गोशेन प्रांतात राहतं, योसेफ त्यांना पोसतो. याकोब तिथे १७ वर्षं जगतो आणि मरतो. आणि त्याची माती झाल्यावर भावांना घाम फुटतो की आता बाबा नाहीत, आता हा आपल्यावर उगवणार सूड. मग ते निरोप पाठवतात, बाबा मरायच्या आधी सांगून गेले होते की भावांना क्षमा कर. बाबा खरंच तसं म्हणाले होते का? आधी कुठेच उल्लेख नाही, मला तरी ते तयार केलेलं वाटतं. १७ वर्षं! त्याच्या धान्यावर, त्याच्या आसऱ्याला, आणि इतक्या काळात एकदाही त्यांना पूर्ण विश्वास वाटला नव्हता. निरोप ऐकून योसेफ रडतो. आधीच्या रडण्यांची कारणं समजतात, या रडण्याचं कारण मला कितीतरी वर्षं नीट लागत नव्हतं.

ते लागलं ताईमुळे. आई आजारी होती त्या काळात आमच्यात जे झालं ते सगळं इथे लिहिणार नाही, पण ताईने काही निर्णय मला न विचारता घेतले आणि वर नातेवाइकांना सांगितलं की मला कशाचं काही पडलेलं नाही. आम्ही बरेच दिवस बोललो नाही. मग ती स्वतःहून आली, माफी मागितली, नीट मागितली, आडवळणं न घेता, आणि मी म्हटलं, संपलं ताई. माझ्या बाजूने खरंच संपलं होतं. पण त्यानंतर आजपर्यंत, फॅमिली ग्रुपवर साधा 'ओके' टाकला तरी तिचा मला वेगळा मेसेज येतो, रागावलीस का गं? फोन उचलायला उशीर झाला की ती कोणाकडून तरी विचारून घेते. माझ्या वाढदिवसाला इतकं महागाचं काहीतरी आणते की मलाच अवघडायला होतं. मी माफ केलंय हे तिला पटतच नाही, आणि पटवायला माझ्याकडे काही पुरावा नाही. मोठी असून ती माझ्याशी जपून बोलते याचं जितकं वाईट वाटतं तितकं तर त्या भांडणाचंही आता वाटत नाही. योसेफ त्यासाठीच रडला असणार. देऊन टाकलेली गोष्ट समोरचा १७ वर्षं हातात न घेता उभा आहे, आणि वर तुम्हालाच घाबरतोय.

योसेफाने त्यांना दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, पुष्कळांचे जीव वाचले. यातलं दुसरं वाक्य लोक जिथे तिथे वापरतात, आणि मला त्याचा वैताग आहे, कारण ते नेहमी दुखावलेल्या माणसाला ऐकवलं जातं. तुझ्या भावाने तुझं घेतलं ना, बघ, देवाची काहीतरी योजना असेल. अरे! योसेफ खड्ड्यात असताना वर बसून जेवणाऱ्या कोणी खाली वाकून हे सांगितलं असतं तर? ते वाक्य बोलायचा हक्क फक्त खड्ड्यातून आलेल्या माणसाला होता, आणि तोही इतक्या वर्षांनी, आणि त्यातसुद्धा 'तुम्ही वाईट योजलं' हे त्याने गाळलं नाही. चुकीला चूक म्हणून मग पुढे गेला. आणि शेवटी काय म्हणाला तर तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना मी पोसेन. म्हणजे भावना वगैरे ठीक आहे, पण धान्य येत राहील.

याच्या उलटी गोष्ट बघायची तर दावीद राजाचा मुलगा अबशालोम. बहिणीवर, तामारेवर, सावत्र भावाने, अम्नोनाने, अत्याचार केला. दावीद राजा भयंकर संतापला असं लिहिलंय, पण त्याने अम्नोनाला शिक्षा केल्याचं कुठेच येत नाही. आणि अबशालोमाने अम्नोनाशी अबोला धरला, बरंही बोलला नाही, वाईटही बोलला नाही. दोन वर्षं. मग मेंढ्यांची लोकर कातरायच्या वेळी सगळ्यांना जेवायला बोलावून त्याला मारवलं. ज्या घरात भांडण 'वाढवू नका' म्हणून दाबलं जातं त्या घरांबद्दल मला हीच भीती वाटते. तिथे क्षमेची घाई तामारेच्या गळ्यात मारणारे लोक तर मला अजिबात सहन होत नाहीत. 'जाऊ दे, भाऊ आहे तुझा' हे वाक्य तिलाच सांगितलं गेलं होतं, जवळजवळ शब्दशः, आणि ती भावाच्या घरात उद्ध्वस्त होऊन राहिली.

येशूने या विषयात फार गोड गोड बोलल्याचं मला दिसत नाही. गर्दीतून एकाने ओरडून सांगितलं, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा ना, तर त्याने सरळ हात वर केले, मला तुमच्यात न्यायाधीश कोणी नेमलं? आणि लोभावर बोलायला लागला. त्या माणसाची बाजू खरी असेलही, पण विषयच बदलला. पेत्राने विचारलं, भावाने किती वेळा चूक केली तर माफ करू, सात वेळा? तिथे भाऊ म्हणजे बंधुवर्गातला कोणीही, ते ठीक आहे, पण पेत्राचा सख्खा भाऊ अंद्रियासुद्धा बारा शिष्यांपैकीच होता, आणि हा प्रश्न ऐकायला तो जवळपास असेल तर त्याचा चेहरा कसा झाला असेल असं मनात येतंच. सातच्या आकड्यावर हा आला कसा?

एक गोष्ट राहिली, आणि ती माझी सगळ्यात आवडती आहे. योसेफ ओळख दिल्यावर भावांना परत पाठवतो, बाबांना घेऊन या म्हणतो. गाड्या देतो, कपडे देतो. बन्यामिनाला परत जास्तच, ३०० चांदीची नाणी आणि पाच पोशाख, म्हणजे डावं-उजवं यालाही सुटलेलं नाही. आणि निघताना एकच सूचना देतो: वाटेत भांडू नका. कारण त्याला माहीत होतं. आता घरी जाऊन बापाला सांगायचं होतं की योसेफ जिवंत आहे, म्हणजे मग तो झगा कसला, ते रक्त कसलं, हे आलंच. कोण सांगणार? कल्पना कोणाची होती, थोरला रऊबेन म्हणणार मी तेव्हाच सांगत होतो, यहूदाकडे सगळे बघणार. ते वाटेत भांडले का, आणि झग्याबद्दल बापाला नेमकं काय सांगितलं, यातलं शास्त्रात काहीच नाही. माझं विचाराल तर, भांडले असणार, आणि चांगले कडाकडा भांडले असणार, पण संध्याकाळी जनावरांना पाणी दाखवायला सगळ्यांना उतरावंच लागलं असेल.